पाण्यांतील हायड्रोजन आणि धातूंची परीक्षा

१८०० सालच्या मे महिन्याच्या दुसऱ्या तारखेस लंडन शहरांत विल्यम निकोल्सन आणि अँथनी कार्लाइल या दोघांनीं पाण्यानें भरलेल्या एका कांचेच्या नळींत पितळेच्या दोन तारा सोडल्या आणि त्यांचीं बाहेरचीं टोकें विजेच्या एका नव्या साधनास जोडलीं. कार्लाइल हा शस्त्रवैद्य होता. निकोल्सन शास्त्रीय विषयांचें एक मासिक चालवीत असे. तें नवें साधन म्हणजे इटलींतील व्होल्टा यानें शोधून काढलेला स्तंभ. चांदीचीं नाणीं, जस्ताच्या चकत्या आणि मिठाच्या पाण्यांत भिजविलेले पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक रचून तो या दोघांनीं घरच्या घरींच उभा केला होता. व्होल्टानें रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांस पाठविलेल्या पत्रावर २० मार्चची तारीख आहे. तेव्हां जेमतेम सहा आठवडे लोटले होते. तारा जोडतांच एकीच्या टोकापासून बारीक बुडबुड्यांची धार निघूं लागली. तो वायु हायड्रोजन होता. दुसऱ्या तारेपाशीं मात्र वायु दिसेना. तेथें पितळच काळवंडून झिजूं लागलें. पुढें पितळेच्या जागीं प्लॅटिनमच्या तारा घेतल्या, तेव्हां दोन्ही टोकांस वायु सुटले. एकीकडे हायड्रोजन व दुसरीकडे ऑक्सिजन.

पाणी हें दोन वायूंचें संयुग आहे ही गोष्ट त्या वेळीं नवीन नव्हती. कॅव्हेंडिश व लाव्हाझिए यांच्या प्रयोगांनीं ती अगोदरच सिद्ध झाली होती. १७८९ सालीं ॲमस्टरडॅम येथें पेट्स व्हॅन ट्रूस्टविक आणि डायमन यांनीं घर्षणानें चालणाऱ्या विजेच्या यंत्राच्या ठिणग्यांनीं पाण्याचें विघटनहि करून दाखविलें होतें. लंडनच्या प्रयोगाची कीर्ति झाली ती संथ व अखंड वाहणाऱ्या विजेमुळें. परंतु त्या काळवंडलेल्या पितळेच्या तारेची गोष्ट इतिहासग्रंथांतून बहुधा एका ओळींत आटोपते, आणि तें बरोबर नाहीं. पाण्यापासून हायड्रोजन काढण्याच्या धंद्याचा पुढील सव्वादोनशें वर्षांचा सारा वाद त्या तारेंत सांठलेला होता. वीज सर्वत्र तीच, पाणी तेंच. परंतु पाण्यांत कोणता धातु बुडविला आहे यावर वायु किती निघेल, किती वीज वायां जाईल आणि तो धातु किती दिवस तग धरील, हें सर्व अवलंबून असतें.

यांतील मर्म थोडें उलगडून पाहणें जरूर आहे. ज्या टोकाकडून वीजकण पाण्यांत शिरतात त्यास ऋणाग्र म्हणतात. तेथें हायड्रोजनचे अणु धातूच्या पृष्ठावर येऊन बसतात आणि दोघे दोघे मिळून वायुरूपानें उडून जातात. हें काम त्या मानानें सोपें. दुसरें टोक धनाग्राचें. तेथें ऑक्सिजनचा एक रेणु तयार होण्यास पाण्याच्या दोन रेणूंपासून चार वीजकण एकामागून एक काढून घ्यावे लागतात आणि ऑक्सिजनचे दोन अणु एकमेकांस जोडावे लागतात. ही चार पायऱ्यांची चढण आहे, आणि प्रत्येक पायरीवर धातूस ऑक्सिजनशीं संग करावा लागतो. बहुतेक धातु त्या संगांत स्वतःच गंजून अथवा विरघळून जातात. पितळेचें तेंच झालें. हिशेबाप्रमाणें पाण्याचें विघटन करण्यास १.२३ व्होल्ट दाब पुरेसा आहे. प्रत्यक्षांत कारखान्यांतील पेट्यांस १.८ ते २ व्होल्ट द्यावे लागतात. या वरच्या दाबाचा मोठा वांटा धनाग्रावर खर्च होतो आणि त्याची उष्णता होऊन जाते. एक किलो हायड्रोजनला हिशेबानें सुमारें ३९ युनिट वीज लागावी. आज चांगल्या यंत्रांतहि ती ५० ते ५५ युनिट लागते. मधलें अंतर कमी करणारा आणि स्वतः न झिजणारा पदार्थ शोधणें, हाच या सर्व खटाटोपाचा हेतु.

प्लॅटिनमचा प्रथम मान होता हें स्वाभाविकच. १८०० च्या अखेरीस लंडनमध्यें स्मिथसन टेनंट व विल्यम वोलॅस्टन या दोघांनीं दक्षिण अमेरिकेंतून येणारें कच्चें प्लॅटिनम शुद्ध करण्याचा उद्योग भागीदारींत आरंभिला. तीव्र अम्लांच्या मिश्रणांत प्लॅटिनम विरघळल्यावर तळाशीं जो काळा गाळ राही, त्याकडे इतर लोक लक्ष देत नसत. टेनंटनें १८०३ सालीं त्या गाळांतून दोन नवे धातु काढले. त्यांतील एकाचे क्षार नाना रंगांचे होते, म्हणून ग्रीक लोकांच्या इंद्रधनुष्याच्या देवतेवरून त्यानें त्यास इरिडियम हें नांव दिलें. हा धातु या इतिहासांत पुढें पुन्हा येणार आहे, आणि त्या वेळीं त्याची किंमत गाळाची राहिलेली नसेल.

धातूचें पृष्ठ स्वतः न बदलतां दुसऱ्या पदार्थांस कामास लावतें, ही कल्पना रूढ व्हावयास आणखी तीस वर्षें लागलीं. १८१७ सालीं हम्फ्री डेव्ही यास असें आढळलें कीं, दगडी कोळशाचा वायु व हवा यांच्या मिश्रणांत तापविलेली प्लॅटिनमची बारीक तार धरली तर ज्वाला नसतांहि ती लालभडक राहते. १८२३ मध्यें येना येथील डोबेरायनर यानें हायड्रोजनचा झोत प्लॅटिनमच्या सच्छिद्र स्पंजावर सोडला, तो आपोआप पेटला. या शोधाचा त्यानें लागलीच दिवा बनविला. घर्षणानें पेटणाऱ्या काड्या प्रचारांत येण्यापूर्वीं युरोपांतील पुष्कळ घरांतून तो मेजावर ठेवलेला असे. फॅरडेचा अनुभव उलट्या बाजूचा होता. पाण्यापासून निघालेले दोन्ही वायु तो एका नळींत गोळा करीत असे, आणि प्लॅटिनमच्या पत्र्यांच्या सान्निध्यांत ते हळूहळू नाहींसे होऊन त्यांचें पुन्हा पाणी बने. याचा त्यानें १८३४ सालीं कसून अभ्यास केला आणि पृष्ठाची निर्मळता हेंच त्याचें कारण ठरविलें. शेवटीं १८३५ मध्यें स्वीडनच्या बर्झेलियसनें या सर्व चमत्कारांस मिळून ‘कॅटॅलिसिस’ हें नांव दिलें. मराठींत त्यास उत्प्रेरण व तें घडविणाऱ्या पदार्थास उत्प्रेरक म्हणतात. नांव मिळालें, पण कारण सांपडलें नाहीं. बर्झेलियसनेंहि तसा दावा केला नव्हता.

मोजमाप आलें तें शतकाच्या अखेरीस. १८९९ मध्यें कॅस्पारी यानें निरनिराळ्या धातूंवर हायड्रोजनचा बुडबुडा सुटण्यास किती जादा दाब लागतो हें मोजलें. प्लॅटिनमच्या काळ्या भुकटीवर तो जवळजवळ शून्य, लोखंड व निकेल यांवर बेताचा, शिशावर पुष्कळ, आणि पाऱ्यावर पाऊण व्होल्टाच्या आसपास. सहा वर्षांनीं, म्हणजे १९०५ सालीं, व्हुर्त्सबुर्ग येथील युलियुस टाफेल यानें या जादा दाबाचा नियम मांडला. टाफेल हा मूळचा सेंद्रिय रसायनाचा अभ्यासक. त्यास हायड्रोजन नकोच होता. शिशाच्या ऋणाग्रावर वायु सहजासहजीं सुटत नाहीं, म्हणून वीज आपल्या औषधी द्रव्यांवर काम करील, एवढीच त्याची अपेक्षा होती. वायु टाळण्याच्या या खटपटींतूनच वायु काढण्याचा पायाभूत नियम निघाला. तो असा: वायूचा वेग दसपट करावयाचा असेल तर दाब दर वेळीं ठराविकच वाढवावा लागतो, चांगल्या पृष्ठावर ही वाढ सुमारें ३० मिलिव्होल्ट, वाईटावर ती १२० च्या घरांत जाते. आजहि नव्या उत्प्रेरकाची पहिली परीक्षा टाफेलच्या या रेघेवरच होते.

पण शास्त्रज्ञ असे मोजीत बसले असतां एका डॅनिश शिक्षकानें मोजमापाची वाट न पाहतां काम सुरू केलें होतें. डेन्मार्कमधील आस्कोव्ह या खेडेगांवीं प्रौढांची एक लोकशाळा होती. तेथील पोल ला कूर यानें १८९१ सालीं सरकारी मदतीनें एक पवनचक्की उभारून तिच्यापासून वीज निर्माण केली. वारा लहरी; तो पडला कीं वीज बंद. तेव्हां वीज साठवावी कशी, या प्रश्नास त्यानें हायड्रोजनचें उत्तर दिलें. पवनचक्कीच्या विजेनें पाणी फोडावयाचें, वायु टाक्यांत भरावयाचे आणि रात्रीं त्यांचा प्रकाश करावयाचा. १८९५ पासून १९०२ पर्यंत शाळेंतील दिवे याच वायूवर जळत होते. या व्यवस्थेंत एक भय होतें. हायड्रोजनमध्यें थोडा ऑक्सिजन मिसळला तरी स्फोट होतो, आणि शाळेच्या खिडक्यांच्या कांचा त्या पायीं एकाहून अधिक वेळां उडाल्या.

ला कूरचा प्रयोग गांवापुरता होता. नॉर्वेंतील प्रयोग एका देशाच्या शेतीपुरता, आणि पुढें जागतिक युद्धास भिडणारा. तेलेमार्क प्रांतांत ऱ्युकान गांवाजवळ एका मोठ्या धबधब्यावर वेमोर्क येथें १९११ सालीं नॉर्स्क हायड्रो कंपनीचें वीजगृह सुरू झालें. त्या काळीं जगांत तेवढें मोठें दुसरें नव्हतें. प्रारंभीं ती वीज हवेंतील नत्रवायु प्रचंड ठिणगीनें जाळून खत करण्यांत खर्च होई. तेवढ्यांत जर्मनींत हाबर आणि बॉश यांची पद्धति निघाली. तीप्रमाणें १९१३ पासून ओप्पाउ येथें नत्रवायु व हायड्रोजन यांचा सरळ अमोनिया बनूं लागला, आणि नॉर्वेची ठिणगी महाग ठरली. हायड्रोजन जर्मनांस कोळशापासून मिळे. नॉर्वेंत कोळसा नव्हता, पाणी व उतार भरपूर होते. तेव्हां कंपनीनें १९२९ सालीं वीजगृहासमोरच पाण्याचें विघटन करणारा मोठा कारखाना उभारला. एक टन अमोनियास सुमारें १७७ किलो हायड्रोजन लागतो. म्हणजे एवढ्या एका टनाच्या हायड्रोजनपोटींच नऊ-दहा हजार युनिट वीज. धबधब्याची वीज अगदीं स्वस्त होती म्हणूनच हें परवडलें.

असल्या कारखान्यांतील पेट्यांत प्लॅटिनम नव्हतें, आणि असणें शक्यहि नव्हतें. ऋणाग्र लोखंडाचें, धनाग्र निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडाचें, आणि पाण्यांत दाहक पोटॅश. येथें अम्ल व अल्क यांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. अम्लाच्या द्रावणांत लोखंड किंवा निकेल टिकत नाहीं. दाहक पोटॅशमध्यें मात्र निकेलवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तो थर धातूचें रक्षण करतो. निकेल हा प्लॅटिनमइतका चलाख नाहीं, परंतु त्यानें हजारों मनुष्यांच्या शेतास खत पुरविलें. प्रयोगशाळेंतील श्रेष्ठ धातु आणि कारखान्यांतील उपयुक्त धातु यांत येथें प्रथमच स्पष्ट फारकत झाली.

वेमोर्कचें नांव लोकांस आठवतें तें वेगळ्याच कारणानें. साध्या हायड्रोजनच्या हजारों अणूंमध्यें एखादा दुप्पट वजनाचा असतो. ऋणाग्राच्या पृष्ठावरून हलका हायड्रोजन लवकर सुटतो, जड मागें रेंगाळतो. त्यामुळें पाणी फोडीत फोडीत जो अवशेष उरतो तो जड पाण्यानें समृद्ध होत जातो. १९३४ पासून लायफ ट्रोनस्टाड आणि योमार ब्रून यांच्या योजनेप्रमाणें तेथें जड पाणी विक्रीसाठीं तयार होऊं लागलें. खताच्या कारखान्यांत फुकट मिळणारा हा अवशेष पुढें जर्मनांस अणुशक्तीच्या संशोधनाकरितां हवा झाला. १९४३ च्या फेब्रुवारींत, २७ व २८ तारखांच्या मधल्या रात्रीं, इंग्लंडांत शिक्षण घेतलेल्या नॉर्वेच्या तरुणांनीं बर्फाच्छादित दरी ओलांडून कारखान्यांत शिरकाव केला आणि जड पाण्याच्या पेट्या उडवून दिल्या. पुढील वर्षीं २० फेब्रुवारीस उरलेला साठा घेऊन निघालेली नाव टिन सरोवरांत बुडविण्यांत आली. तींतील निरपराध प्रवासीहि बुडाले. हा प्रसंग चित्रपटांतून व कादंबऱ्यांतून पुष्कळ रंगविला गेला आहे. त्या धडाक्यांत एक साधी गोष्ट मात्र हरवते: धातूच्या पृष्ठावर एक अणु दुसऱ्यापेक्षां किंचित् अधिक वेळ थांबतो, एवढ्यावर हा सारा संग्राम उभा होता.

निकेलचा आणखी एक अवतार याच सुमारास अमेरिकेंत झाला. टेनेसी संस्थानांतील चॅटानूगा येथील मरे रेनी यानें १९२७ सालीं निकेल व ॲल्युमिनियम यांचा मिश्रधातु करून तो दाहक सोड्यांत टाकला. ॲल्युमिनियम विरघळून गेलें आणि निकेलचें असंख्य छिद्रांचें काळें चूर्ण उरलें. रेनीस सरकीच्या तेलाचें घट्ट तूप करावयाचें होतें. महाराष्ट्रांतील वाचकास ही क्रिया परकी वाटावयाचें कारण नाहीं. १९३० नंतरच्या काळांत मुंबईस शिवडी येथें निघालेला वनस्पती तुपाचा कारखाना निकेल व हायड्रोजन यांच्याच साहाय्यानें तेल गोठवीत असे, आणि अशा पुष्कळ कारखान्यांतून तो हायड्रोजन पाणी फोडूनच मिळवीत. म्हणजे घरोघरच्या कढईंत या शास्त्राचा अंश पोंचला होता, जरी कढईपुढें बसलेल्या गृहिणीस त्याची वार्ता नसली तरी. १९५० नंतरच्या दशकांत जर्मनींत एडुआर्ट युस्टी यानें रेनीचें सच्छिद्र निकेल विद्युदग्रावर बसविलें. पृष्ठ शतपट वाढलें, दाब उतरला.

यानंतर या उद्योगाचा पडता काळ आला. खनिज तेल व नैसर्गिक वायु इतके स्वस्त झाले कीं पाण्यापासून हायड्रोजन काढणें हा छंद ठरूं लागला. भारतांत १९६१ सालीं पंजाबांतील नानगल येथें भाक्रा धरणाच्या विजेवर मोठा कारखाना निघाला, तेथें पाण्याच्या हायड्रोजनपासून खत होई आणि १९६२ पासून देशांतील पहिलें जड पाणीहि निघालें. परंतु वीज शेतीस व गिरण्यांस अधिक मोलाची ठरली तशी तेथेंहि पद्धति बदलली. वेमोर्कचा कारखाना १९७१ मध्यें बंद झाला आणि १९७७ मध्यें पाडून टाकण्यांत आला. जगांत आज वर्षास ९ कोटि टनांहून अधिक हायड्रोजन तयार होतो. त्यांतील शंभरांत एक भागहि पाण्याच्या विघटनानें मिळत नाहीं. बाकीचा वायु व कोळसा यांपासून होतो, आणि त्यापायीं सुमारें ९० कोटि टन कर्बद्विप्राणिल वायु दर वर्षीं हवेंत जातो. ही संख्या लक्षांत घेतली म्हणजे जुना प्रश्न नव्यानें कां उकरला गेला हें सांगावें लागत नाहीं.

पडत्या काळांतच एक नवी शाखा फुटली होती. १९५५ सालीं अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनींतील टॉमस ग्रब यानें द्रावणाऐवजीं राळेचा पातळ पडदा वापरण्याची युक्ति काढली. लेनर्ड नीड्राख यानें त्यावर प्लॅटिनम चढविलें. १९६५ मध्यें जेमिनी या अंतराळयानांत हे घट हायड्रोजन व ऑक्सिजनपासून वीज करीत होते. तीच रचना उलट चालविली कीं विजेपासून हायड्रोजन मिळतो, आणि १९७३ मध्यें त्याच कंपनीनें तसें यंत्र सिद्ध केलें. हें यंत्र आटोपशीर. वाऱ्याच्या अथवा उन्हाच्या विजेचे चढउतार तें चटकन सोसतें. परंतु तो पडदा स्वभावानें तीव्र अम्ल आहे. लोखंड, निकेल, कोबाल्ट हे सर्व त्यापुढें विरघळतात. ऋणाग्रावर प्लॅटिनम चालतें, पण धनाग्रावर तेंहि मंद पडतें. रुथेनियमचें ऑक्साइड चपळ खरें, पण झिजतें. अम्ल, ऑक्सिजन आणि वरचा दाब या तिहींस वर्षानुवर्षें तोंड देणारा एकच पदार्थ उरला, तो इरिडियमचें ऑक्साइड. टेनंटच्या काळ्या गाळांतला तोच धातु.

इरिडियम पृथ्वीच्या कवचांत इतकें विरळ कां, याचें कारण पृथ्वीच्या जन्मांत आहे. त्याची लोखंडाशीं जवळीक. पृथ्वी वितळलेली असतां लोखंड गाभ्यांत उतरलें, त्याबरोबर हाहि गेला. उल्कांत तो अधिक सांपडतो, म्हणूनच १९८० सालीं आल्वारेझ पितापुत्रांनीं मातीच्या एका पातळ थरांतील इरिडियमवरून प्रचंड उल्कापाताचें अनुमान केलें. जगांत हा धातु वर्षास अवघा सात-आठ टन निघतो. बहुतेक दक्षिण आफ्रिकेंतून, आणि तोहि प्लॅटिनम काढतांना मिळणारें जोडउत्पन्न म्हणून. इरिडियमची मागणी वाढली म्हणून कोणी खाण खोदीत नाहीं. दहा लक्ष किलोवॉट शक्तीच्या पडद्याच्या यंत्रांस आजच्या रीतीनें सुमारें ४०० किलो किंवा त्याहून अधिक इरिडियम लागतें. वर्षाचें सर्व उत्पन्न याच कामास वाहिलें, आणि दुसऱ्या कोणास गुंजभरहि दिलें नाहीं, तरी वर्षांत अशीं वीसहि यंत्रें पुरीं होणार नाहींत. २०२० च्या आरंभापासून २०२१ च्या वसंतापर्यंत त्याचा भाव चौपट झाला, तेव्हां हें गणित व्यापाऱ्यांस प्रथम कळलें. भारत सरकारनें २०२३ च्या जानेवारींत हरित हायड्रोजनची योजना मंजूर करून २०३० पर्यंत वर्षास ५० लक्ष टनांचें उद्दिष्ट ठेवलें आहे. अशा योजना अनेक देशांच्या आहेत. त्या सर्वांस पुरेल इतका हा धातु जगांत निघत नाहीं.

म्हणून दृष्टि पुन्हा निकेलकडे वळली, आणि तेथें एक जुनी लबाडी उघडकीस आली. निकेलचे विद्युत्‌घट करणारे लोक लोखंडाच्या मळास फार भीत. घट भरतांना वीज निकेलमध्यें साठावयाची ती, लोखंडाचा अंश असला कीं, ऑक्सिजन सोडण्यांत वायां जाई. त्यांच्या लेखीं लोखंड हें विष. डेनिस कॉरिगन यानें १९८७ सालीं या विषाची उलट बाजू पाहिली: ऑक्सिजन सोडणें हेंच जेथें काम आहे तेथें हें विष औषध ठरलें पाहिजे. द्रावणांत दशलक्षांत एक भाग लोखंड असलें तरी निकेलच्या थराचा दाब उतरतो, आणि थरांत तें चांगलें मिसळलें तर तो पुष्कळच उतरतो, असें त्यानें दाखविलें. या निबंधाकडे पंचवीस वर्षें फारसें कोणी पाहिलें नाहीं. २०१४ मध्यें ऑरेगन विद्यापीठांतील शॅनन बेचर यांच्या मंडळीनें पोटॅशमधील लोखंडाचा अंशन् अंश काढून टाकून पुन्हा मोजमाप केलें. तेव्हां असें आढळलें कीं, अगदीं शुद्ध निकेलचें ऑक्साइड हें या कामीं साधारणच आहे. बाजारांतील उत्तम पोटॅशमध्येंहि लोखंडाचा लेश असतो. निकेल तो शोषून घेतें. म्हणजे निकेल जुनें झाल्यावर सुधारतें असा जो अनेकांचा अनुभव होता, तें श्रेय निकेलचें नसून न पाहिलेल्या लोखंडाचें होतें. कित्येक प्रयोगशाळांतील आकडे त्या दिवशीं संशयास्पद ठरले.

ऋणाग्राच्या बाजूची कथा डेन्मार्कमध्यें पुन्हा घडली. मॉलिब्डेनम सल्फाइड हा काळा, चकचकीत पदार्थ यंत्रांस वंगण म्हणून वापरतात. १९७७ सालीं त्याची परीक्षा होऊन तो निरुपयोगी ठरला होता. परंतु १९३१ पासून, म्हणजे केंब्रिज येथील मार्जरी स्टीफन्सन व स्टिकलंड यांनीं सूक्ष्मजंतूंत हायड्रोजनेझ नांवाचें द्रव्य दाखविल्यापासून, हें माहीत होतें कीं जीवसृष्टि प्लॅटिनमवांचून हायड्रोजन हाताळते. त्या द्रव्यांत लोखंड, निकेल व गंधक एवढेंच असतें. २००५ मध्यें डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठांत नोर्स्कोव्ह यांच्या मंडळीनें गणितानें ताडलें कीं, मॉलिब्डेनम सल्फाइडच्या थरांची सपाट बाजू निष्क्रिय असली तरी त्यांच्या कडा या जैविक द्रव्यासारख्या वागाव्यात. दोन वर्षांनीं हारामिल्यो, खोरकेनडोर्फ आदिकांनीं सूक्ष्म थर बनवून मोजलें, तों हायड्रोजनचा वेग क्षेत्रफळाच्या प्रमाणांत नसून कडांच्या लांबीच्या प्रमाणांत निघाला. १९७७ च्या परीक्षकांनीं पदार्थ योग्य निवडला होता. त्यांच्यापुढील स्फटिकास कडाच फार थोड्या होत्या. तथापि कारखान्यांतील ऋणाग्रावर हें द्रव्य अद्याप प्लॅटिनमची जागा घेऊं शकलेलें नाहीं, आणि खरी तूट धनाग्राकडे आहे.

तेथें सध्यां दोन वाटांनीं काम चालू आहे. एक वाट काटकसरीची: इरिडियमचा थर इतका पातळ करावयाचा कीं त्याच कामास दशांश धातु पुरावा. दुसरी वाट पडदाच बदलण्याची: अम्लाचा पडदा टाकून अल्काचा घ्यावयाचा, म्हणजे निकेल व लोखंड यांस पुन्हा घर मिळेल. अल्काचे असे पडदे मिळूं लागले आहेत, पण ऊन पोटॅशमध्यें ते अम्लाच्या पडद्याइतके दीर्घकाळ टिकत नाहींत. जुन्या पोटॅशच्या पेट्या वापराव्या तर त्यांचा स्वभाव धबधब्याच्या अखंड विजेचा. वीज थांबली कीं त्यांत प्रवाह उलटा वाहूं लागतो आणि निकेलचें ऋणाग्र गंजतें, त्यावर चढविलेला उत्प्रेरकाचा थर सुटतो. वीज मंदावली तर वायु थोडे निघतात, पण पडद्यांतून झिरपणाऱ्या हायड्रोजनचें मान मात्र तेंच राहतें. तो ऑक्सिजनमध्यें मिसळतो आणि मिश्रण स्फोटक होण्यापूर्वीं यंत्र बंद करावें लागतें. आस्कोव्हच्या शाळेंतील कांचा वायु असेच मिसळल्यानें फुटल्या होत्या. वाऱ्यावर चालणाऱ्या प्रत्येक नव्या कारखान्यांत आज याच मिसळीवर रात्रंदिवस पहारा ठेवावा लागतो.